पायलट वाट कशी चुकतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पायलट होऊ पाहणाऱ्या मुलांना मी नॅव्हिगेशन, म्हणजे विमानाची वाट ठरवणं, शिकवतो आणि राहतो मुंबईत विमानतळाशेजारच्या पार्ल्यात. त्यामुळे प्रश्न दोन्हीकडून येतात. वर्गातली मुलं परीक्षेपुरतं विचारतात. खरे अवघड प्रश्न गच्चीवरून विमानं बघणारे शेजारी आणि त्यांचे नातेवाईक पाठवतात. तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा यायला लागले, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली.

१. जीपीएसच्या जमान्यात पायलट वाट चुकतोच कसा?

क्वचित चुकतो. पण चुकतो तेव्हा तो आपल्यासारखा बावरून "आपण कुठे आलो?" असं विचारत नाही. माळशेजच्या धुक्यात गाडीवाला काच खाली करून कुणाला तरी विचारतो, कारण आपण चुकलोय हे त्याला कळलेलं असतं. कॉकपिटमध्ये बहुतेक वेळा उलटं घडतं. आपण नेमके कुठे आहोत याची पायलटला पक्की खात्री असते आणि ती खात्रीच चुकीची असते. यंत्रं सुधारल्यावर अशा चुका खूप कमी झाल्या, पण त्यांची जात बदलली नाही. खालच्या बहुतेक गोष्टींत हेच दिसेल.

२. नॅव्हिगेशनची चूक नेमकी कशाला म्हणायची? रस्ता सोडला की झाली?

रस्ता सोडणं हा एक प्रकार. रस्ता बरोबर असूनही आपण त्यावर किती पुढे आलोय हे चुकणं हा दुसरा, आणि माझ्या मते जास्त घातक (प्रश्न ८). चुकीची उंची, चुकीची धावपट्टी, चुकीचा विमानतळ हेही यातच येतं.

किती चुकलं तर किती महागात पडतं, याचा वर्गातला जुना हिशेब साठास एक असा आहे. दिशा एक अंशानं चुकली तर साठ सागरी मैलांनंतर तुम्ही एक मैल बाजूला असता. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. मुंबई-दिल्ली हे अंतर सव्वासहाशे मैलांच्या आसपास आहे. एक अंशाची चूक कुणीच सुधारली नाही, तर विमान दिल्लीऐवजी पंधरा-वीस किलोमीटर बाजूच्या कुठल्या तरी शेतावर पोहोचेल.

३. ढगात काहीच दिसत नाही, मग विमानाला आपली जागा कळते कशी?

तीन-चार वाटांनी, आणि त्या एकमेकींशी ताडून पाहिल्या जातात. पहिली विमानाच्या पोटातली. तिला इनर्शियल यंत्रणा म्हणतात. सुरुवातीची जागा सांगितली की ती प्रत्येक वळण आणि वेगातला प्रत्येक फरक मोजून "आता इथे आलो" असा हिशेब ठेवते. बाहेरच्या कुठल्याही सिग्नलची तिला गरज नसते, मात्र तासागणिक ती मैल-दोन मैल सरकू शकते. दुसरी वाट उपग्रहांची. तिसरी जमिनीवरच्या रेडिओ केंद्रांची, म्हणजे दिशा सांगणारं व्हीओआर आणि अंतर सांगणारं डीएमई. उतरताना यांत आयएलएसची भर पडते. धावपट्टीपासून निघणारी ती रेडिओची अदृश्य घसरगुंडी समजा.

शिवाय जमिनीवर रडारसमोर कंट्रोलर बसलेला असतो. एवढं सगळं असताना चूक व्हायला सगळ्यांचं एकाच वेळी दुर्लक्ष व्हावं लागतं. ते होतं, हेच या विषयातलं दुखणं.

४. आमचं विमान मुंबईजवळ येऊन अर्धा तास घिरट्या घालत होतं. पायलट चुकला होता का?

नाही. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे त्या एकावेळी स्वतंत्रपणे वापरता येत नाहीत आणि आकाशात रांग लागते. त्या घिरट्या म्हणजे ती रांग. एरवी समुद्राकडे उडणारी विमानं अचानक दुसरीकडे जाताना दिसली, तर वारा फिरलाय. आणि उतरता उतरता विमान पुन्हा वर गेलं तर त्याला गो-अराउंड म्हणतात. तो पायलटच्या शहाणपणाचा पुरावा आहे, कृपया त्याचे व्हिडिओ "थोडक्यात बचावलो" असं लिहून पाठवू नका.

५. जुहूच्या छोट्या विमानतळावर मोठं जेट उतरलं होतं, ही खरी गोष्ट की पार्लेकरांच्या गप्पा?

खरी, आणि एकदाच घडलेली नाही. १५ जुलै १९५३ ला बीओएसी या ब्रिटिश कंपनीचं कॉमेट हे त्या काळचं अगदी नवं जेट सांताक्रूझ या मुंबईच्या मुख्य विमानतळाऐवजी जुहूला उतरलं. ते शाबूत राहिलं आणि नऊ-एक दिवसांनी तिथूनच उडवून नेलं. मग २४ सप्टेंबर १९७२ ला जपान एअरलाइन्सचं लंडनहून टोकियोला निघालेलं डीसी-८ सकाळी मुंबईत उतरताना जुहूच्या धावपट्टीवर टेकलं. ती त्याला अर्थातच पुरली नाही. विमान पुढे घसरत गेलं, कायमचं निकामी झालं, पण कुणाचा जीव गेला नाही.

नकाशा डोळ्यांपुढे आणा. पार्ल्याच्या पश्चिमेला जुहू, पूर्वेला सांताक्रूझ. जुहूची मुख्य धावपट्टी ०८/२६, सांताक्रूझची ०९/२७. धावपट्टीचा आकडा म्हणजे तिची होकायंत्रावरची दिशा, शेवटचं शून्य काढून. म्हणजे दोघी जवळजवळ एकाच दिशेच्या. समुद्राकडून सकाळच्या धुरकट हवेत येणाऱ्या माणसाला किनारा ओलांडल्या ओलांडल्या समोर धावपट्टी दिसते, दिशाही जुळते. ती पहिली धावपट्टी जुहूची असते. फरक एवढाच की जुहूची जेमतेम अकराशे मीटर आहे आणि सांताक्रूझची जवळजवळ साडेतीन किलोमीटर.

जुहूला मात्र नावं ठेवू नका. १९२८ मध्ये सुरू झालेला हा विमानतळ सांताक्रूझपेक्षा वयानं मोठा आहे. १५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन आले ते इथेच. आता तिथे हेलिकॉप्टरं असतात आणि फ्लाइंग क्लबची छोटी विमानं.

६. इतक्या अनुभवी माणसाला छोटी-मोठी धावपट्टी ओळखता येत नाही?

दुरून आणि तिरप्या कोनातून पाहताना लांबी-रुंदी फसवते. छोटी जवळची आणि मोठी लांबची डोळ्याला सारखीच भासते. पण मूळ कारण डोळ्यांचं नाही. दादर यायच्या वेळी गाडी थांबली की आपण पाटी न बघता उतरतो, आणि क्वचित माटुंग्याला उतरतो. ठरलेल्या वेळी, ठरलेल्या दिशेला, अपेक्षित वस्तू दिसली की मन तपासणी बंद करतं.

हे फक्त मुंबईतच होतं असंही नाही. ऑक्टोबर १९६० मध्ये पॅन ॲमचं बोइंग ७०७ लंडनच्या हीथ्रोऐवजी शेजारच्या नॉर्थोल्टला उतरलं. दोन्हीकडे जाताना वाटेत गॅसची मोठी टाकी लागायची आणि खूण म्हणून तीच वापरली जायची. पुढे त्या टाक्यांवर ओळखीची मोठाली अक्षरं रंगवली. यंत्रं सुधारल्यावरही, १२ जानेवारी २०१४ ला, साउथवेस्टचं ७३७ अमेरिकेत ब्रॅन्सनऐवजी जवळच्याच एका छोट्या विमानतळावर उतरलं आणि धावपट्टी संपता संपता थांबलं. धावपट्टी दिसली की नजर बाहेर जाते आणि आतल्या पडद्यांकडे बघायचं राहतं, हे दुखणं तेव्हाही तेच होतं. म्हणून आता बाहेर स्वच्छ दिसत असलं तरी आयएलएस लावून ठेवायला शिकवतात.

७. मग आता सांताक्रूझचं विमान चुकून नवी मुंबईला उतरेल का?

हा प्रश्न डिसेंबर २०२५ मध्ये तिथून विमानं सुरू झाल्यापासून रोज येतो. तिथली धावपट्टीही ०८/२६ आहे, त्यामुळे शंका अगदीच बाष्कळ नाही. पण जुहूसारखा धोका तिथे मला दिसत नाही. खाडीपलीकडचा तो विमानतळ पुरेसा लांब आहे, दोन्हीकडे मोठी जेट रडारच्या नजरेखाली आणली जातात, प्रत्येक धावपट्टीच्या आयएलएसला वेगळी फ्रिक्वेन्सी आणि वेगळा संकेत असतो. आणि समजा झालंच, तरी ३,७०० मीटरची धावपट्टी आहे. विमान सुखरूप थांबेल. पायलटची नोकरी तेवढी सुखरूप राहणार नाही. चुकीच्या विमानतळावर जायची जास्त शक्यता प्रवाशांची आहे, तिकीट नीट बघा.

८. जुन्नरच्या डोंगरात एक परदेशी विमान पडलं होतं म्हणतात. तेही वाट चुकूनच का?

हो. जुन्नर भागातली जुनी माणसं याबद्दल अजून बोलतात. अलिटालियाचं डीसी-८, सिडनीहून निघून सिंगापूर, बँकॉक करत मुंबईला येत होतं. ७ जुलै १९६२, मध्यरात्र नुकतीच उलटलेली, पावसाळा. मुंबईच्या ईशान्येला ऐंशीएक किलोमीटरवर ते डोंगरावर आदळलं. विमानातले सगळे ९४ जण गेले.

चौकशीतून निघालं ते असं. आपण मुंबईच्या आहोत त्यापेक्षा बरेच जवळ पोहोचलो, असा पायलटचा समज झाला आणि त्यानं लवकर उतरायला सुरुवात केली. दिशा ठीक होती, अंतर चुकलं. उपलब्ध रेडिओ साधनांवर ते ताडून पाहिलं गेलं नाही, त्या भागासाठी ठरलेली किमान सुरक्षित उंचीही पाळली नाही, आणि मुलूख त्याच्या ओळखीचा नव्हता.

मुंबईला पूर्वेकडून येणाऱ्याची अडचण आपल्याला एसटीच्या खिडकीतून कळते. घाटमाथा संपतो तिथे जमीन एकदम खाली कोसळते. कड्याच्या पश्चिमेला जी उंची निर्धास्त, तीच पूर्वेला जीवघेणी. राज्यातलं सर्वांत उंच कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे साधारण ५,४०० फूट. पाच-दहा मिनिटांच्या चुकीत सह्याद्री पोटाखाली असण्याऐवजी समोर येतो. आजच्या विमानांत जमिनीचा नकाशाच भरलेला असतो आणि डोंगर जवळ आला की कॉकपिटमध्ये "टेरेन, टेरेन, पुल अप" असं ओरडून सांगितलं जातं. हे यंत्र सक्तीचं होण्यामागे अशा किती रात्री आहेत, हे मी मुलांना पहिल्याच तासाला सांगतो.

९. होमी भाभांचं विमान वाट चुकलं की घातपात?

हा प्रश्न दर जानेवारीत येतो. अधिकृत फ्रेंच चौकशीचा निष्कर्ष काय आहे तेवढं सांगतो. २४ जानेवारी १९६६ ला एअर इंडियाचं 'कांचनगंगा' हे मुंबईहून लंडनला निघालेलं ७०७ जिनिव्हाला उतरायच्या बेतात असताना आल्प्समधल्या माँ ब्लाँ शिखरावर आदळलं. ११७ जण गेले.

विमानाच्या दोनपैकी एक व्हीओआर संच बंद होता आणि पायलटला ते वाटेतलं बैरूत सोडतानाच ठाऊक होतं. आपण शिखराच्या पलीकडे आलो असा त्याचा अंदाज झाला आणि त्यानं तसं कळवलं. रडारवरच्या कंट्रोलरला चूक दिसली. त्यानं विमानाची खरी जागा सांगितलीही. पण शब्द पुरेसे नेमके नव्हते. पायलटनं त्याचा अर्थ आपल्या समजुतीला जुळेल असाच घेतला आणि तो खाली उतरत राहिला.

मला या सगळ्यात तो कंट्रोलर छळतो. त्यानं दुरुस्ती केली होती. "तुम्ही अजून डोंगराच्या अलीकडे आहात" असं सरळ वाक्य तेवढं उच्चारलं गेलं नाही. रेडिओवर ठरीव, कंटाळवाणी भाषा का बोलायची असं मुलं विचारतात, त्याचं उत्तर या डोंगरावर आहे. त्याच पर्वतावर नोव्हेंबर १९५० मध्ये एअर इंडियाचंच 'मलबार प्रिन्सेस' आदळलं होतं.

१०. कॉम्प्युटरमध्ये एक आकडा चुकला तर विमान खरंच भलतीकडे जातं?

जातं. कॉम्प्युटर आज्ञाधारक असतो, त्यात त्याचा दोष नाही.

१० मार्च २०१५ ला सिडनीहून क्वालालंपूरला निघालेल्या एअरएशिया एक्सच्या विमानात सुरुवातीची जागा हातानं भरताना रेखांश १५१ अंश ९.८ मिनिटांऐवजी १५ अंश १९.८ मिनिटं असा गेला. प्रश्न ३ मधली इनर्शियल यंत्रणा आठवा, तिला सुरुवातीची जागा सांगावी लागते. विमानाचा समज झाला की आपण अकरा हजार किलोमीटर दूर, दक्षिण आफ्रिकेच्या बाजूला उभे आहोत. उड्डाणापूर्वी इशारेही आले, पण कुणाच्या मनात भरले नाहीत. ऑटोपायलट लावताच विमान भलतीकडे वळलं. शेवटी ते मेलबर्नला उतरवलं. सगळे सुखरूप.

ब्राझीलमधल्या व्हारिगच्या प्रवाशांचं नशीब एवढं चांगलं नव्हतं. ३ सप्टेंबर १९८९ ला माराबाहून बेलेमला, म्हणजे जवळजवळ उत्तरेला, तासाभराच्या आत पोहोचायचं होतं. कागदावर दिशा ०२७० अशी छापलेली. शेवटचा आकडा दशांशाचा, म्हणजे २७ अंश. कॅप्टननं वाचलं २७०, म्हणजे थेट पश्चिम. सहवैमानिकानं कागद न बघता कॅप्टनचाच आकडा उतरवला. इंधन संपेपर्यंत ते ॲमेझॉनच्या जंगलावर भटकले आणि रात्री झाडांवर उतरले. बरेच वाचले, सगळे नाहीत. शाळेत शेजारच्याची वही बघून लिहिलेलं उत्तर दोघांचंही चुकतं, तसं हे.

तिसरी गोष्ट कालीची, कोलंबियातली, २० डिसेंबर १९९५. नकाशावर रोझो या रेडिओ केंद्राची खूण 'आर' होती. कॉम्प्युटरमध्ये 'आर' टाकल्यावर त्यानं यादीतलं पहिलं नाव दिलं. ते निघालं बोगोटाजवळचं रोमिओ, दोनशेहून जास्त किलोमीटर लांबचं. बोइंग ७५७ रात्रीच्या अंधारात दरी सोडून डोंगराकडे वळलं. १६३ पैकी चार जण वाचले. मोबाइलवर 'काका' शोधून भलत्याच काकांना फोन लागतो, तेवढीच चूक.

११. पायलटनं सगळं बरोबर केलं तरी विमान चुकू शकतं का?

हो, आणि अशा वेळी "पायलटची चूक" हा शब्द फार घाईनं वापरला जातो. २८ नोव्हेंबर १९७९ ला एअर न्यूझीलंडचं डीसी-१० प्रवाशांना अंटार्क्टिका दाखवायला गेलं होतं. आदल्या रात्री कंपनीनं कॉम्प्युटरमधल्या मार्गाचे आकडे बदलले आणि वैमानिकांना सांगितलं नाही. ज्या खुल्या खाडीवरून आपण चाललोय असं त्यांना वाटत होतं, तिथे प्रत्यक्षात माउंट एरेबस होता. पांढऱ्या बर्फावर पांढरा ढग, समोर डोंगर आहे हे दिसलंच नाही. २५७ जण गेले. आधीच्या अहवालानं वैमानिकांना दोष दिला होता, नंतरच्या न्यायालयीन चौकशीनं तो त्यांच्यावरून काढून कंपनीच्या कारभारावर ठेवला.

याचंच हलकंफुलकं भावंड म्हणजे मार्च २०१९ मधली लंडन-ड्युसेलडॉर्फ फेरी. ती एडिंबरोला उतरली, कारण वैमानिकांच्या हाती फ्लाइट प्लॅनच एडिंबरोचा दिला होता. त्यांनी तो बिनचूक पाळला.

१२. ऑटोपायलट लावला की पायलट मोकळा?

नाही. ऑटोपायलट कुठल्या अवस्थेत आहे यावर सगळं अवलंबून असतं. १ सप्टेंबर १९८३ ला कोरियन एअर लाइन्सचं ७४७ अलास्काहून सोलला जाताना ठरलेला मार्ग पकडण्याऐवजी एकाच चुंबकीय दिशेवर सरळ जात राहिलं. पाच तास कुणाच्या लक्षात आलं नाही. ते सोव्हिएत हद्दीत शिरलं आणि लढाऊ विमानानं पाडलं. २६९ जण गेले. जीपीएस नागरी विमानांना मोफत देण्याची अमेरिकेची घोषणा त्यानंतरचीच.

गप्पांत रंगून पुढे जाण्याचं उदाहरण ऑक्टोबर २००९ मधलं. नॉर्थवेस्टचे दोन वैमानिक लॅपटॉप उघडून बसले आणि मिनियापोलिसच्या दीडशे मैल पुढे गेले. त्यांचे परवाने रद्द झाले.

१३. १९७८ चा बांद्र्याजवळचा अपघात यातच येतो का?

नाही. १ जानेवारी १९७८ ला एअर इंडियाचं 'एम्परर अशोक' उड्डाणानंतर काही मिनिटांत समुद्रात कोसळलं, २१३ जण गेले. तिथे जागा चुकली नव्हती. विमानाचा कल दाखवणारं एक उपकरण बिघडलं आणि अंधाऱ्या समुद्रावर कॅप्टनला विमान कुठल्या बाजूला झुकलंय ते कळलं नाही. कुठे आहोत आणि कसे आहोत, हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

१४. आखाताकडे जाताना जीपीएसला कुणीतरी फसवतं म्हणतात. मुलगा दुबईला असतो, काळजी वाटते.

फसवतात हे खरं. खोटे सिग्नल पाठवून विमानाला चुकीची जागा दाखवण्याला स्पूफिंग म्हणतात. २०२३ पासून इराक-इराणच्या बाजूला असे प्रकार वाढले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये डीजीसीएनं, म्हणजे आपल्या विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्यानं, विमान कंपन्यांसाठी परिपत्रक काढलं. अडचण अशी की जीपीएसचा चुकीचा आकडा इनर्शियल यंत्रणेलाही बिघडवू शकतो, आणि जमीन जवळ नसताना प्रश्न ८ मधलं यंत्र "पुल अप" म्हणून ओरडू शकतं. वैमानिक त्या भागापूर्वी घड्याळ आणि जागा ताडून ठेवतात, गरज पडली तर जीपीएस बाजूला काढून जमिनीवरच्या केंद्रांवर जातात, कंट्रोलरकडून दिशा मागून घेतात. मुंबईत उतरताना आयएलएस उपग्रहांवर अवलंबून नाही. मुलाला निर्धास्त येऊ द्या.

१५. सीटसमोरच्या नकाशात विमान भलतीकडे दिसलं तर हवाई सुंदरीला सांगावं का?

सांगायला हरकत नाही, पण तो नकाशा करमणुकीचा आहे, त्यावर विमान चालत नाही. पंखाबाहेर धूर दिसला तर मात्र लाजू नका, लगेच सांगा.

१६. चूक उघड झाली की पायलटचं काय होतं?

अपघात किंवा गंभीर घटना असेल तर आपल्याकडे एएआयबी ही विमान अपघातांची सरकारी तपास यंत्रणा चौकशी करते. तिचा उद्देश आंतरराष्ट्रीय नियमानुसार कारण शोधणं हा असतो, दोष ठरवणं हा नसतो. परवान्यावरची कारवाई डीजीसीएच्या हातात. माझं मत विचाराल तर स्वतःहून चूक कळवणाऱ्याला लगेच घरी बसवू नये. १९७२ ची जुहूची चूक १९५३ च्या चुकीची नक्कल होती. आधीच्या चुका लोकांना नीट सांगितल्या गेल्या तरच पुढच्या टळतात.

१७. पायलटनं मुद्दाम मार्ग सोडला तर तीही चूक धरतात का?

परवानगी घेऊन सोडला तर नाही. मे-जूनमध्ये सह्याद्रीवर वादळी ढग उभे राहतात तेव्हा निम्मी विमानं वळसा घालत असतात. आणीबाणीत तर परवानगीची वाटही बघायची नसते.

मुलांना सगळ्यात मजेशीर वाटतो तो अपवाद समुद्रावरचा. जीपीएस आल्यावर विमानं इतकी अचूक उडायला लागली की एकाच मार्गावरची विमानं अगदी एकावर एक येऊ लागली. पूर्वी थोडंफार इकडेतिकडे व्हायचं, आता कुणाची उंची चुकली तर वरचा नेमका खालच्याच्या डोक्यावर. म्हणून महासागरावरच्या ठरावीक मार्गांवर वैमानिक विमान मधल्या रेषेच्या उजवीकडे एक-दोन मैल मुद्दाम सरकवतात. उजवीकडेच, डावीकडे कधीच नाही, कारण समोरून येणाराही त्याच्या उजवीकडे सरकलेला असतो.